‘इनॅडिक्विट’ कोठे लिहावे आणि कोठे लिहू नये: कार्यालयीन इंग्रजी नव्याने लिहू लागलेल्यांसाठी

ठाण्यातील मराठी माध्यमाच्या शाळेतून शिकून मी महापे येथील एका कार्यालयात वैद्यकीय विम्याचे दावे तपासण्याच्या टेबलावर रुजू झालो, त्याच्या पहिल्याच महिन्यात एका फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डाचे दुसरे पान नव्हते. मी रुग्णालयाला एका ओळीचा ई-मेल पाठवला: ‘द डॉक्युमेंट्स आर इनॅडिक्विट’, म्हणजे कागदपत्रे अपुरी आहेत. चार दिवसांनी तीच कागदपत्रे पुन्हा आली, फक्त या वेळी स्कॅन अधिक स्पष्ट होते. मी तीच ओळ पुन्हा पाठवली. तिसऱ्या खेपेस त्यांनी प्रत्येक पानावर गोल शिक्का मारून संच पाठवला आणि दुसरे पान त्यातही नव्हते. शेवटी रुग्णाच्या मुलाचा फोन आला. “साहेब, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?” एवढेच त्याने विचारले, आणि ते मी दोन्ही ई-मेलमध्ये कोठेही लिहिलेले नाही हे मला तेव्हा कळले.

चूक रुग्णालयाची नव्हती. ‘इनॅडिक्विट’ वाचून त्यांनी कागदांचा दर्जा कमी पडतो असा अर्थ घेतला आणि शब्दाच्या दृष्टीने तो योग्यच होता. ऐरोली, रबाळे, वागळे इस्टेट अशा ठिकाणच्या कार्यालयांत दर वर्षी मराठी माध्यमातून आलेली अनेक मुले-मुली असल्या टेबलांवर बसतात, आणि कमतरता दाखवणारा एखादा भारदस्त इंग्रजी शब्द हाती लागला की तो सगळीकडे वापरतात. मी तसेच केले होते. तुमची तरी त्या फेऱ्यातून सुटका व्हावी म्हणून हे टप्पे लिहीत आहे.

आधी काय जवळ ठेवावे

इंग्रजी-मराठी कोश या कामाला पुरत नाही, कारण त्यात या शब्दापुढे ‘अपुरा’ लिहिलेले असते आणि त्याच्या शेजारच्या दोन-तीन शब्दांपुढेही ‘अपुरा’च लिहिलेले असते. म्हणून ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांचा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा; तो इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात प्रत्येक शब्दासोबत उदाहरणाची वाक्ये असतात. एक साधी वही ठेवावी. याशिवाय तुमच्याच कार्यालयातून गेलेली दहा-पंधरा जुनी पत्रे वरिष्ठांची परवानगी घेऊन वाचायला मागावीत, कारण तुमच्या धंद्यात कोणता शब्द रुळला आहे हे कोशापेक्षा ती पत्रेच अधिक नेमके सांगतात.

१. उच्चार आणि स्पेलिंग आधी पक्के करा

आपल्याकडे या शब्दाचा शेवट ‘क्वेट’ असा लांबवून उच्चारला जातो. तो तसा नाही; शेवटचा अवयव आखूड, ‘क्विट’ किंवा ‘क्वट’ यांच्या मधला आहे आणि जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘ॲ’वर पडतो. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला आय आणि एकच एन, मग ए, डी, ई, क्यू, यू, ए, टी, ई अशी अक्षरे येतात. डी एकच आहे आणि क्यूच्या आधी सी नाही. नकारासाठी मागे ‘अन’ लावू नये, ‘इन’च लागते. शब्द स्वराने सुरू होत असल्यामुळे त्याच्या आधी ‘ॲन’ येते, ‘अ’ येत नाही. एवढे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले की हा टप्पा संपला.

२. ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय शब्द लिहू नका

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील ‘समान’ या अर्थाचा शब्द आहे. ‘ॲडिक्विट’ म्हणजे कामाच्या बरोबरीला येणारा, आणि ‘इनॅडिक्विट’ म्हणजे त्या बरोबरीला न येणारा. म्हणून हा शब्द वस्तू किती आहे एवढेच सांगत नाही. तिच्यापुढे जे काम किंवा जी गरज उभी आहे, तिच्याशी ती वस्तू ताडून पाहतो आणि निकाल देतो.

एक पंप घ्या. घोडबंदर रस्त्यावरील बावीस मजली इमारतीत बसवलेला पंप उत्तम चालू असेल, नवाही असेल, तरी सोळाव्या मजल्याच्या वर पाणी चढत नसेल तर तो पंप ‘इनॅडिक्विट’ आहे. पंप बिघडलेला नाही, त्याचा एखादा भागही कमी नाही, फक्त त्याची ताकद या उंचीला पुरत नाही. तोच पंप सात मजली इमारतीत ‘ॲडिक्विट’ ठरेल.

ताडून पाहण्याचा हा अर्थ भारतीय करार अधिनियम, १८७२ यात फार स्पष्ट दिसतो. त्यातील कलम २५च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की संमती मोकळेपणाने दिलेली असेल, तर केवळ मोबदला ‘इनॅडिक्विट’ आहे म्हणून करार रद्दबातल होत नाही. सोबतचे उदाहरणही मासलेवाईक आहे: एक हजार रुपये किमतीचा घोडा कोणी दहा रुपयांना विकण्याचे कबूल करतो आणि ते स्वखुशीने करतो, तर तो करारच आहे. मात्र संमती खरोखर मोकळी होती की नाही हे ठरवताना न्यायालय या तुटपुंज्या किमतीचा विचार करू शकते. दहा रुपये ही रक्कम काही मुळातच अपुरी नव्हे. घोड्याच्या किमतीशेजारी ठेवली म्हणून ती अपुरी ठरली. तुमच्या पत्रातही तो ‘घोडा’ दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर वाचणारा आपल्या मनाने एखादा उभा करतो आणि माझ्या रुग्णालयासारखा तीच कागदपत्रे स्वच्छ करून पाठवत राहतो.

३. शेजारचे शब्द वेगळे ओळखा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि येथे घाई करू नये.

‘इन्सफिशंट’ हा मोजण्याचा शब्द आहे. रक्कम, साठा, वेळ, पुरावा, माहिती यांचे प्रमाण जितके हवे तितके नसले की हा शब्द येतो. न वटलेल्या धनादेशासोबत बँक जी चिठ्ठी देते, तिच्यावर ‘फंड्स इन्सफिशंट’ असे कारण असते, तेथे कोणी ‘इनॅडिक्विट’ लिहीत नाही. धनादेशांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १३८मध्येही खात्यातील रक्कम धनादेश वटण्यास ‘इन्सफिशंट’ असणे हेच शब्द आहेत, आणि त्या एका शब्दामागे मोठी प्रक्रिया उभी आहे: बँकेकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने पैसे भरायचे असतात. म्हणून अशा चिठ्ठीवरील शब्द तुमच्या पत्रात उतरवून घेताना तो बदलून ‘अधिक चांगला’ शब्द घालण्याचा मोह धरू नये. ठरलेला शब्द ठरलेलाच ठेवावा.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना या शब्दाची ओळख टपालामुळेही होते. सेक्टर ८ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. केवळ ‘सेक्टर ८, नवी मुंबई’ एवढे लिहिलेले पाकीट ‘इन्सफिशंट ॲड्रेस’ असा शेरा घेऊन परत आले, तर त्याचा अर्थ पत्ता चुकीचा आहे असा नाही. जेवढा आहे तेवढ्यावरून घर सापडत नाही असा आहे. नवीन पत्ता शोधत बसण्याऐवजी उपनगराचे नाव, भूखंड क्रमांक आणि पिनकोड जोडावा.

‘डिफिशंट’ या शब्दात जे असायलाच हवे त्यातील काही कमी आहे, नेमून दिलेल्या मापापासून घसरण झाली आहे, असा सूर असतो. भारतीय हवामान विभाग पावसाची वर्गवारी करतो, तेव्हा सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पावसाला ‘डिफिशंट’ म्हणतो. १९ टक्के कमी पाऊस त्यांच्या लेखी ‘नॉर्मल’च असतो, आपल्या मोरी-नळाला काहीही वाटो. ड जीवनसत्त्वाच्या तपासणीच्या अहवालात तर दोन्ही शब्द एकाच कागदावर भेटतात: अनेक प्रयोगशाळा मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खालच्या पातळीला ‘डिफिशंट’ आणि साधारण २० ते ३०च्या मधल्या पातळीला ‘इन्सफिशंट’ म्हणतात. म्हणजे तेथे ‘इन्सफिशंट’ हा सौम्य शब्द आहे आणि ‘डिफिशंट’ कडक. दावे तपासताना मी सुरुवातीला हे दोन्ही एकच समजून टिपणात एकाच्या जागी दुसरा लिहीत असे, आणि आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लाल शाईने तो शब्द गोल करून फाइल परत केली होती.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यात ‘डिफिशन्सी’ची जी व्याख्या आहे, तिच्यात दोष, अपूर्णता, उणीव यांच्यासोबत सेवेच्या दर्जातील ‘इनॅडिक्वसी’चाही समावेश केलेला आहे. तक्रारअर्जात आपण ज्याला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतो तीच ही. कायद्याने हे शब्द एकाच व्याख्येत बसवले, म्हणून ई-मेलमध्ये ते एकमेकांच्या जागी चालतात असे मात्र समजू नये.

राहिला ‘इन्कम्प्लीट’. पान नाही, सही नाही, एखादा रकाना कोरा आहे, अशा वेळी हाच शब्द योग्य असतो. मी ‘इनॅडिक्विट’ऐवजी हा लिहिला असता, तर तीन आठवडे वाचले असते.

४. मागे-पुढे येणारे शब्द जोडीने शिका

‘इनॅडिक्विट’च्या पुढे कामाचे नाम असेल तर ‘फॉर’ येते आणि क्रियापद असेल तर ‘टू’ येते. ‘द पंप इज इनॅडिक्विट फॉर अ ट्वेंटी-टू-स्टोरी बिल्डिंग’ हे बरोबर, ‘द ग्रँट इज इनॅडिक्विट टू कव्हर द कॉस्ट’ हेही बरोबर. ‘इनॅडिक्विट ऑफ स्टाफ’ हा आपल्या ‘कर्मचाऱ्यांची कमतरता’तील ‘ची’चा उतारा आहे, तो लिहू नये. ‘डिफिशंट’ला मात्र ‘इन’ लागते.

‘इनफ’ हा शब्द यांच्यापैकी कोणाच्याही मागे-पुढे लावू नये. ‘सफिशंट इनफ’ मी अगदी छापील सूचनांतही पाहिले आहे; तो ‘पुरेसे पुरेसे’ म्हटल्यासारखा प्रकार आहे.

अनेकवचनी नामाच्या आधी हा शब्द ठेवताना थांबावे. ‘इनॅडिक्विट बसेस’ लिहिले तर बस संख्येने कमी आहेत की आहेत त्याच कामाच्या नाहीत, हे कळत नाही. संख्या सांगायची असेल तर ‘ॲन इनॅडिक्विट नंबर ऑफ बसेस’ किंवा सरळ ‘टू फ्यू बसेस’ लिहावे. इमारतीत लिफ्ट दोनच आहेत ही एक तक्रार झाली, आणि दोन्ही लिफ्ट इतक्या लहान आहेत की स्ट्रेचर आत जात नाही ही दुसरी. ‘इनॅडिक्विट लिफ्ट्स’ या दोन शब्दांत त्या दोन्ही एकमेकींत मिसळतात.

५. माणसाला हा शब्द लावू नका

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला एका प्रशिक्षणार्थीबद्दल अर्धवार्षिक शेरा लिहायचा होता. त्याला सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण दोनच दिवस मिळाले होते आणि ते पुरले नव्हते, एवढेच मला म्हणायचे होते. मी लिहिले, ‘ही इज इनॅडिक्विट फॉर धिस वर्क.’ आमच्या वरिष्ठ मॅडमनी मला आत बोलावले आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, तुम्ही त्या मुलाला नालायक ठरवलंत. तुम्हाला तसं म्हणायचं होतं का?” मी नाही म्हणताच त्यांनी पेन पुढे केले. मग मी ‘हिज ट्रेनिंग वॉज इनॅडिक्विट’ असे लिहिले. एका शब्दाची जागा बदलली आणि दोष मुलाकडून आमच्याकडे आला, जो मुळात आमचाच होता.

वस्तू, व्यवस्था, तयारी, उत्तर, प्रशिक्षण यांना हा शब्द लावता येतो. माणसाला लावला की तो त्याच्या सगळ्या वकुबावरचा शेरा होतो. स्वतःच्या मनातील न्यूनतेची भावना सांगताना इंग्रजीत ‘आय फील इनॅडिक्विट’ म्हणतात, ते वेगळे. ती स्वतःबद्दलची कबुली असते. ‘युवर एक्स्प्लनेशन इज इनॅडिक्विट’ हे वाक्य माणसाला उद्देशून नसले तरी कारणे दाखवा नोटिशीच्या सुरात बोलते, म्हणून बरोबरीच्या सहकाऱ्याला किंवा ग्राहकाला ते पाठवू नये. तेथे कोणता मुद्दा राहिला तेवढाच विचारावा.

६. ‘लेस’चा सापळा

मराठीत आपण ‘पाणी कमी आहे’, ‘भाजीत मीठ कमी आहे’, ‘माणसे कमी आहेत’ असे सहज म्हणतो आणि तेच इंग्रजीत ‘वॉटर इज लेस’, ‘सॉल्ट इज लेस’ म्हणून उतरते. ठाणे-वाशी लोकलच्या एका डब्यात सकाळी कान देऊन बसलात, तर पनवेलच्या गाडीत बदलण्याआधी हे दोन-चार वेळा तरी ऐकू येईल. मराठीतील ‘कमी’ दोन कामे करते: तुलना करते आणि अपुरेपणाही सांगते. इंग्रजीतील ‘लेस’ केवळ तुलना करते. ‘लेस’ म्हटले की ऐकणारा ‘कशापेक्षा?’ असे मनात विचारून थांबतो.

हे कळल्यावर नवशिका दुसऱ्या टोकाला जातो आणि कॅन्टीनमध्ये ‘द सॉल्ट इज इनॅडिक्विट’ म्हणतो. व्याकरणात चूक नाही, पण जेवताना कोणी ‘मिठाचे प्रमाण अपर्याप्त आहे’ म्हटले तर जसे वाटेल तसे ते ऐकू येते. बोलताना ‘देअर इझंट इनफ सॉल्ट’ म्हणावे. मराठीतही आपण रोजच्या बोलण्यात ‘अपर्याप्त’सारखे विशेषण वापरत नाही, ‘पुरत नाही’, ‘कमी पडते’ असे क्रियापदच वापरतो. ‘नॉट इनफ’ हे त्याच्या सर्वांत जवळचे आहे. ‘इनॅडिक्विट’ पत्रासाठी, अहवालासाठी, तक्रारीसाठी राखून ठेवावा.

७. मराठीत आणताना एकच शब्द सगळीकडे चिकटवू नका

अनेकांना उलट दिशेचे कामही करावे लागते, म्हणजे इंग्रजी पत्राचा मराठी मसुदा तयार करावा लागतो. पगार तुटपुंजा असतो, कपडे तोकडे असतात, प्रयत्न थिटे पडतात, जागा अपुरी असते. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘इनॅडिक्विट’ चालून जाईल, पण मराठीत तुटपुंजी जागा किंवा थिटा पगार लिहिणाऱ्याकडे लोक बघत राहतील.

‘अपर्याप्त’ हा शब्द सरकारी मसुद्यांतून अधूनमधून येतो. मी तो शक्यतो टाळतो. गीतेच्या पहिल्या अध्यायातील दहाव्या श्लोकात दुर्योधन आपल्या सैन्याला ‘अपर्याप्त’ म्हणतो, आणि टीकाकारांपैकी काहींनी त्याचा अर्थ ‘अपुरे’ असा लावला तर काहींनी ‘अमर्याद’ असा. ज्या शब्दाचे इतके उलटे दोन अर्थ निघतात, तो पार्किंगच्या सूचनेत कशाला हवा?

‘इन्सफिशंट एव्हिडन्स’चे ‘पुराव्याअभावी’ असे भाषांतर आपल्याकडे रूढ झाले आहे. अभाव म्हणजे मुळीच नसणे. पुरावा थोडा होता पण पुरला नाही असे म्हणायचे असेल, तर ‘पुरेशा पुराव्याअभावी’ लिहावे.

८. एक वाक्य लिहून, खोडून, पुन्हा लिहा

महापालिकेला अर्ज करायचा असेल तर तो मराठीतच करावा, त्यासाठी इंग्रजीशी झगडण्याचे कारण नाही. परंतु विकासकाचे तांत्रिक सल्लागार किंवा देखभालीची कंपनी यांच्याशी पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत होतो. मागील वर्षी आमच्या सोसायटीच्या सचिवांनी मला असे एक पत्र तपासायला दिले. काकांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते, ‘वॉटर इज लेस ऑन अपर फ्लोअर्स. पंप इज इनॅडिक्विट.’

पहिल्या वाक्यातील ‘लेस’ आम्ही काढला. मग दुसऱ्या वाक्याला ‘कशासाठी?’ विचारले, तेव्हा ‘द पंप इज इनॅडिक्विट फॉर द अपर फ्लोअर्स’ असे झाले. तरीही सल्लागार ‘पंप ठीक आहे’ असे एका ओळीचे उत्तर देऊन मोकळा होऊ शकला असता, म्हणून काकांना विचारले की नेमके काय होते. ते म्हणाले, “अरे, सकाळी सात ते आठ सोळाच्या वर नळाला धारच नसते. खालच्या टाकीत पाणी असतं की!” खालच्या टाकीत पाणी असते, ही या सगळ्या प्रकरणातील कळीची माहिती होती आणि ती पत्रात नव्हती. पाणी ‘इन्सफिशंट’ नाही, पंप ‘इनॅडिक्विट’ आहे, हे तिच्यामुळेच सिद्ध होत होते.

शेवटी पत्र असे गेले: ‘द पंप इज इनॅडिक्विट फॉर द फ्लोअर्स अबव्ह द सिक्स्टीन्थ. बिट्वीन ७ अँड ८ ए.एम. नो वॉटर रीचेस दीज फ्लोअर्स, ऑल्दो द अंडरग्राउंड टँक इज फुल. प्लीज इन्स्पेक्ट द पंप अँड सेंड अस युवर रिपोर्ट इन रायटिंग विदिन सेव्हन डेज.’ काय कमी पडते, कोठे आणि केव्हा, आणि आम्हाला काय हवे, हे सगळे त्यात होते. सहाव्या दिवशी सल्लागाराचा माणूस प्रेशर गेज घेऊन गच्चीवर आला, आणि काकांनी त्याला आधी खाली नेऊन टाकीचे झाकण उघडून दाखवले.